फ्रेंचमध्ये ४० पैकी ३८, पण ‘वाघ पाहिला का’ हे समजलं नाही. परीक्षा बदलली म्हणतात, नेमकी कुठे बदलली?

गोकुळपेठी_बाप

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे, चुकीच्या सेक्शनमध्ये पडला असेल तर ॲडमिननी हलवून द्यावा.

माझी लेक नववीत आहे, सीबीएसई, सहावीपासून फ्रेंच. मी स्वतः १९९५ चा दहावी, स्टेट बोर्ड, इंग्लिश मीडियम, अन् मलाही पूर्ण फ्रेंच होतं. का घेतलं तर मोठ्या भावाच्या मित्रानं सांगितलं होतं की संस्कृतपेक्षा सोपं जाते. एवढ्या सखोल विचारावर माझी भाषा ठरली.

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून माझी तेव्हाची वही निघाली. प्रश्न असे: हा उतारा इंग्रजीत करा, ही वाक्यं फ्रेंचमध्ये करा, क्रियापद चालवून दाखवा, रिकाम्या जागा, अन् शेवटी एक पत्र. पत्रं आम्हाला सहा पाठ करून दिली होती, त्यातलं एक हमखास यायचं. त्यातलं समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचं पत्र मला आजही अर्धं येते. निळा समुद्र, गरम वाळू, आईस्क्रीम, सगळं. तोवर मी आयुष्यात अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.

मग लेकीचा पेपर पाहिला तर एकदम वेगळा. सूचनासुद्धा फ्रेंचमध्ये, भाषांतर नावाला नाही, मैत्रिणीला ईमेल लिहा, संवाद विस्कटून दिलाय तो नीट लावा, उताऱ्यावर चूक की बरोबर, पर्याय निवडा. मला वाटलं वा, पोट्ट्यांचं नशीब, आता भाषा शिकवतात. तिला ४० पैकी ३८ मिळाले. मी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं पण.

अन् मग डिसेंबरात ताडोब्याला गेलो. मोहर्ली गेटच्या चहाच्या टपरीवर एक फ्रेंच जोडपं भेटलं, वयस्कर, एकदम गोड माणसं. मी काय करावं, मी त्यांना इंग्रजीत सांगितलं की माझी मुलगी फ्रेंच शिकते. सफारी झाली, परत त्याच टपरीवर भेट झाली, तर त्या बाईंनी लेकीकडे वळून हसून विचारलं, ‘वूझावे व्यू ल तीग्र?’ हळू विचारलं हो, घाई नाही केली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी गाईडकडे पाहिलं. अन् गाईड, ज्याचं शिक्षण त्यानंच आम्हाला जिप्सीत सांगितलं होतं की नववीत सुटलं, तो म्हणतो ‘नों मादाम, पा द तीग्र’. म्हणजे नाही बाई, वाघ नाही. टुरिस्टांकडून ऐकून ऐकून शिकला होता.

गाडीत बसल्यावर लेकीला म्हटलं अगं ‘तुम्ही वाघ पाहिला का’ एवढंच विचारत होती ती, तर ती रडकुंडीला येऊन म्हणे, बाबा, ‘व्हुआर’ म्हणजे पाहणे, त्याचा भूतकाळ परवाच्या पेपरात होता, पूर्ण बरोबर लिहिला होता मी. लिहिला होताच, उत्तरपत्रिका मी स्वतः पाहिली होती.

तर प्रश्न असा की गेल्या तीस वर्षांत या परीक्षा नेमक्या कशा बदलल्या, माझ्या पेपरात न् हिच्या पेपरात खरंच फरक आहे की नुसता कपडा बदललाय? अन् हिला बाहेरची ती डेल्फ नावाची फ्रेंचची परीक्षा वगैरे द्यायला लावू का? शाळेवर राग नाही, मॅडम चांगल्या आहेत.

फ्रेंचवाली_ताई

दादा, तुमच्या लेकीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या, तिची काही चूक नाही. मी नागपुरात एकोणीस वर्षं फ्रेंच शिकवते आहे, दोन शाळा झाल्या, आणि तुमची ती टपरी मी दर वर्षी वर्गात बघते.

आधी ते वाक्य घेऊ. लिहिताना ‘वू’ वेगळा शब्द, ‘आवे’ वेगळा. पहिल्याच्या शेवटी एक स अक्षर आहे जे एरवी मुकं, पण पुढे स्वर आला की ते झ होऊन जागं होतं आणि दोन्ही शब्द चिकटतात, वूझावे. आपल्याकडे संधी होतो तसाच, फक्त आपण संधी लिहितो आणि फ्रेंच लोक तो फक्त बोलतात. तुमच्या मुलीनं कागदावर दोन सुटे शब्द हजारदा पाहिलेत, कानानं तो जोड एकदाही ऐकला नसेल. तिला वाटलं वूझावे हा तिला न येणारा तिसराच शब्द आहे. मी तर आता वर्गात सरळ सांगते की ज्यांच्या घरी आजी-आजोबा संस्कृतवाले आहेत त्यांनी विसर्गसंधी आठवा. मुलांना लगेच कळतं, आणि आजोबांना फार आनंद होतो.

आता परीक्षेचं. तुमच्या वेळची पद्धत म्हणजे व्याकरण आणि भाषांतर, ती मुळात लॅटिन शिकवायची पद्धत, जी भाषा कोणी बोलत नाही तिच्यासाठी उत्तम. जगात ती जायला लागून बरीच वर्षं झाली. मोठा टप्पा म्हणजे २००१, कौन्सिल ऑफ युरोपनं ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्यांची चौकट काढली, आणि ‘किती व्याकरण झालं’ याऐवजी ‘माणूस या भाषेत काय करू शकतो’ असं मोजायला सुरुवात झाली. दुकानात भाव विचारू शकतो का, फोनवरचा निरोप समजतो का, असं. डेल्फ १९८५ पासून आहे पण तिलाही २००५ मध्ये या पायऱ्यांना बांधलं. मग पुस्तकं बदलली, पुस्तकांमागून आमचे पेपर बदलले. ईमेल आलं, संवाद आले, भाषांतर गेलं. तुम्हाला दिसला तो फरक खरा आहे, कपडा वगैरे नाही.

पण बोर्डाचा लेखी पेपर ८० मार्कांचा. त्यात वाचन, लेखन, व्याकरण आणि संस्कृती असे भाग, आणि सगळ्यात जड भाग व्याकरणाचाच. ऐकणं शून्य. बोलणं शून्य. उरलेले २० शाळेच्या हातात, त्यात युनिट टेस्ट आली, वही आली, प्रोजेक्ट आलं, आणि थोडं बोलणं-ऐकणं ज्याच्या त्याच्या सोयीनं. चाळीस पोरांच्या वर्गात, आठवड्याला चार पिरियड, त्यातला एक गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला जातो, तिथे प्रत्येकाची तोंडी परीक्षा खरोखर घ्यायची म्हटली तर मला फेब्रुवारी पुरत नाही. मी एक वर्ष हट्टानं घेतली होती, स्टाफरूमच्या कोपऱ्यात एकेकाला बसवून. मुलं इतकी खूश होती की काय सांगू. पुढच्या वर्षी वरून सांगण्यात आलं, मॅडम, पोर्शन.

सीसीई, म्हणजे वर्षभर सतत मूल्यमापन करायची पद्धत होती तेव्हा, २००९-१० पासून २०१७ पर्यंत, आम्हाला वाटलं होतं की बोलणं-ऐकणं येईल. आलं पण इंग्रजीपुरतं, नववी-दहावीला इंग्रजीची बोलण्या-ऐकण्याची वेगळी परीक्षा सुरू झाली होती, फ्रेंचच्या वाट्याला स्क्रॅपबुक आलं. माझ्याकडे आयफेल टॉवरची इतकी थर्माकोल मॉडेलं जमली होती की शिपाई म्हणे मॅडम हे टॉवर कुठे उभे करू. २०१८ ला दहावीचं बोर्ड सगळ्यांना परत सक्तीचं झालं आणि मामला पुन्हा लेखीवर आला. कोविडमध्ये तर कमाल, २०२१ च्या शेवटी पहिल्या टर्मची परीक्षा ओएमआर शीटवर झाली. भाषेचा पेपर आणि मुलांनी त्या भाषेत एकही शब्द लिहायचा नाही, नुसते गोल काळे करायचे.

डेल्फचं नंतर लिहिते, आत्ता पेपर तपासायचे पडलेत, खोटं नाही, खरंच समोर गठ्ठा आहे.

भैताड_इंजिनिअर

भाऊ त्या गाईडलेच ट्यूशनले लावा ना बे. फी भी कमी घेईन अन् वाघ भी दाखवन.

स्कोरिंग_इज_स्कोरिंग

मला कळत नाही एवढं काय झालं. ३८ आले ना? मग. माझ्या मुलानं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं, सायन्सला होता, दिवसभर क्लासेस, त्याला भाषेत कमी वेळात जास्त मार्क पाहिजे होते अन् ते मिळाले. त्याच्या बॅचची अर्धी पोरं याच हिशोबानं आली होती. पॅरिसला कोणीच जाणार नव्हतं. आपण उगाच प्रत्येक विषयाला ‘पण आयुष्यात उपयोग काय’ विचारतो, मग त्रिकोणमितीला का नाही विचारत?

अन् तोंडी परीक्षेचं कौतुक मला सांगू नका. स्टेट बोर्डात तोंडीचे २० मार्क होतेच. काय विचारायचे? नाव सांग, हा परिच्छेद वाच, जा, पुढच्याला पाठव. २० पैकी १८. मग २०१९ च्या दहावीला ते भाषांचे अंतर्गत २० काढून टाकले अन् १०० मार्कांचा लेखी केला तर राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० वर आला, अन् आपला नागपूर विभाग ६७.२७, सगळ्यात खाली. नुसतं त्यामुळेच झालं असं नाही म्हणत, पॅटर्नही नवा होता. पण बोंब इतकी झाली की पुढच्या वर्षी ते २० परत आले. तर सांगायचं काय की तोंडी परीक्षा आपल्याकडे बोलणं तपासायला नसते, ती टेकू द्यायला असते. फ्रेंचची तोंडी सुरू केली तरी तीच होईल, ‘बोंजूर, ज मापेल अमुक’, १८.

फ्रेंचवाली_ताई

@स्कोरिंग कटू आहे पण खरं आहे. म्हणूनच बाहेरच्या परीक्षेत परीक्षक तुमच्या शाळेचा नसतो, ट्रेनिंग घेतलेला असतो, आणि मार्क कसे द्यायचे त्याचा तक्ता समोर असतो. मी स्वतः माझ्या मुलांची तोंडी घेते तेव्हा १५ च्या खाली द्यायला हात धजत नाही, हे कबूल करते.

मिहान_ते_म्युनिक

माझं फ्रेंच नाही जर्मन आहे पण अनुभव सांगतो कारण मी दोन्ही बाजूंनी मार खाल्लाय.

शाळेत जर्मन होतं माझं, तीन वर्षं. आमचे सर जुन्या वळणाचे, फार प्रेमळ, पण त्यांचं जर्मन कुठल्या तरी जुन्या काळात थांबलेलं. जर्मन स्पेलिंगचे नियम १९९६ मध्ये सुधारले, ‘की’ या अर्थाचा जो ‘दास’ शब्द आहे तो आधी त्या पोटफुग्या अक्षरानं लिहायचे, एसत्सेट म्हणतात त्याला, तो सुधारणेनंतर दोन स नं लिहायला लागले. मी नव्या पुस्तकात बघून दोन स लिहिले तर सरांनी लाल गोल करून अर्धा मार्क कापला. मी पुस्तक दाखवलं तर म्हणाले छापायची चूक असेल. अर्धा मार्क होता पण अजून लक्षात आहे, काय करू.

पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, मग कंपनीकडून जर्मनीचं निघालं म्हणून गोएथे इन्स्टिट्यूटची जर्मनची ए१ परीक्षा द्यायला पुण्याला गेलो. गरीबरथनं रात्रभर बसून, कारण झोप कुणाला येते, मी पूर्ण रस्ताभर अव्ययं घोकत होतो. अन् तिथे अव्ययांचं कोणी नावच काढलं नाही! ऐकायचं, वाचायचं, लिहायचं, बोलायचं, चार भाग. लिहायचं म्हणजे काय तर एक फॉर्म भरायचा अन् तीसेक शब्दांचा छोटा निरोप. अन् बोलायची परीक्षा ग्रुपमध्ये, टेबलाभोवती आम्ही चौघं अन् समोर दोन परीक्षक.

पहिले स्वतःची ओळख. मी वर्ध्याचा, तर बाई म्हणे गावाचं स्पेलिंग सांग. आता जर्मन अक्षरांची नावं वेगळी असतात, वे-आ-एर-डे-हा-आ असं म्हणायला पाहिजे. माझ्या तोंडून सवयीनं निघालं ‘डब्ल्यू, ए’. अन् जर्मनमध्ये ‘ए’ म्हणजे इंग्रजीतलं ई! तिच्या हिशोबानं मी वेर्धेचा झालो असतो. तीन वर्षं शाळेत जर्मन शिकून मला अक्षरांची नावं येत नव्हती, कारण कागदावर अक्षराचं नाव घ्यायची वेळच येत नाही ना. कशीबशी सुधारली गाडी.

मग पत्ते वाटतात. एकेका पत्त्यावर एक शब्द, त्यावरून शेजारच्याला प्रश्न विचारायचा. शेजारच्या पोरीला ‘नाश्ता’ आला, तिनं मला विचारलं नाश्त्याला काय खातोस, अन् घाबरलेला माणूस खरं बोलतो, मी म्हटलं ‘इश एस्से तर्री पोहा’. एक परीक्षक हसला. पण क्रियापद बरोबर होतं, प्रश्न समजून उत्तर दिलं होतं, तर्रीला जर्मन शब्द नाही हा काही माझा गुन्हा नाही. १०० पैकी ६० लागतात पास व्हायला, मला ८१ मिळाले अन् त्यातले बोलण्यातले जास्त होते. शाळेत मी बोलण्यात शून्य होतो कारण शाळेत बोलणं नव्हतंच.

एक अजून, सगळ्याच बाहेरच्या परीक्षा बोलायला लावतात असं समजू नका. माझा रूममेट जपानी करत होता, त्यांच्या जेएलपीटीत बोलणं नाही अन् लिहिणंही नाही, सगळं पर्याय निवडा. २०१० मध्ये चारच्या पाच लेव्हल केल्या, तरी बोलणं काही आलं नाही. तो एन३, म्हणजे मधली लेव्हल, पास झालेला माणूस जपानी क्लायंटचा कॉल आला की चार्जर शोधायला जायचा.

धरमपेठची_काकू_लेस्टर

माझं माहेर धरमपेठ, गेली बावीस वर्षं इंग्लंडमध्ये, इथल्या एका शाळेत मदतनीस म्हणून काम करते त्यामुळे हा तमाशा जवळून बघते. तुम्हाला वाटत असेल की तिकडे सगळं छान असेल, तर जरा ऐका.

इथे पूर्वी ओ लेव्हल होती, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, तिच्यात भाषांतर, निबंध आणि डिक्टेशन, म्हणजे आपलं श्रुतलेखन, मास्तर वाचणार आणि पोरं लिहिणार. मग तिच्या जागी जीसीएसई आली, पहिली परीक्षा १९८८ ला, आणि जुनाट म्हणून हे सगळं बाजूला पडलं. बोलता आलं पाहिजे, रेल्वे स्टेशनवर तिकीट काढता आलं पाहिजे, असा सूर. रोल प्ले करायचे, मी दुकानदार तू गिऱ्हाईक. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही मोजायचे. गोकुळपेठी भाऊ, तुम्हाला जे पाहिजे ते इथे तेव्हाच आलं होतं. आणि झालं काय? पोरांनी दुकानदाराचे संवाद पाठ केले! तुमचं समुद्राचं पत्र होतं ना, तसंच, फक्त तोंडी. आमच्याकडे मुलं ‘माझी सुट्टी’ वर दोन मिनिटांचं भाषण पाठ करून यायची, मधे कोणी खोकला तरी पहिल्यापासून सुरू. त्यात २००४ पासून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर परदेशी भाषा सक्तीची राहिली नाही, तर वर्ग अर्धे रिकामे. ज्यांना जमत नाही त्यांनी सोडून दिली, ज्यांना जमते त्यांनीही सोडली.

मग परत चक्र उलटं. २०१८ पासूनच्या नव्या पेपरात भाषांतर परत आलं, दोन्हीकडून. आणि आता २०२६ पासून फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशचा जो पेपर आहे त्यात डिक्टेशन परत आलंय आणि मोठ्यानं वाचणंही परत आलंय. शब्दांची यादी ठरवून दिली आहे, सोप्या पेपरला १२०० आणि वरच्या पेपरला १७०० शब्द, त्याच्या बाहेरचं फारसं विचारायचं नाही. आमच्या शाळेतली तरुण फ्रेंच मॅडम नवा पेपर म्हणून मला कौतुकानं दाखवत होती, मी म्हटलं अगं हे श्रुतलेखन तर आम्ही महालातल्या शाळेत पाटीवर लिहायचो, चुकलेला शब्द दहा वेळा.

पण एक सांगते, हसण्यावारी नेऊ नका ते श्रुतलेखन. ऐकलेलं लिहायचं म्हणजे ऐकायलाच लागते. वर त्या मॅडमनी ते संधीचं लिहिलंय ना, ते कानाला पकडायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. मशीन नको, लॅब नको.

रिटायर्ड_काका_सदर

आमच्या वेळी रशियनचं वेड होतं. भिलाईला रशियन इंजिनिअर होते, मीर प्रकाशनाची पुस्तकं चार-पाच रुपयांत मिळत, वाटायचं पुढचं जग रशियनचं आहे. संध्याकाळच्या सर्टिफिकेट कोर्सला मी दोन वर्षं जात होतो, परीक्षेला उतारा होता सामूहिक शेतावरच्या ट्रॅक्टरवर, त्याचं इंग्रजी केलं, फर्स्ट क्लास मिळाला. नंतर एकदा बर्डीवर खरा रशियन माणूस भेटला, त्याला इतवारीचा रस्ता पाहिजे होता. मला ट्रॅक्टर सोडून काही आठवेना. हातानं दाखवला रस्ता.

तेव्हा बाळा, लेकीला रागावू नको.

भैताड_इंजिनिअर

काका जबरदस्त 😂 ट्रॅक्टरवर बसवून सोडून द्यायचं होतं इतवारीले

गोकुळपेठी_बाप

काका, नाही रागावलो, उलट तीच माझ्यावर रागावली आहे की ग्रुपवर मार्क कशाला टाकले.

लेस्टरच्या काकू, तुमचं वाचून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे जरा बरं वाटलं की फक्त आपणच असे नाही. अन् दुसरं म्हणजे काल रात्री मी खरंच श्रुतलेखन घेतलं. माझे उच्चार १९९५ चे अन् तेही नागपुरी, म्हणून मी नाही वाचलं, तिच्या पुस्तकाच्या मागे तो क्यूआर कोड असतो ज्याला तीन वर्षांत कोणी हात लावला नव्हता, त्यातून ऑडिओ निघाला. पहिला पाठ सहावीचा लावला, नववीचा नाही. बाजारातला संवाद, टोमॅटो वगैरे. पहिल्या वेळी तिनं अकरापैकी तीन वाक्यं लिहिली. दुसऱ्यांदा लावलं, सहा. मग तिलाच मजा यायला लागली, म्हणे बाबा हे लोक अर्धी अक्षरं खातात. मी म्हटलं आपण काय कमी खातो, ‘काय करून राहिला’ चं आपण काय करतो ते बघ.

मीपण लिहिलं शेजारी बसून. अकरापैकी दोन. त्यातला एक शब्द ‘टोमॅटो’ होता.

फ्रेंचवाली ताई, डेल्फचं सांगा ना, गठ्ठा झाला असेल तर.

फ्रेंचवाली_ताई

गठ्ठा कधीच होत नाही दादा, पण सांगते.

नववीच्या मुलीला ए१ आरामात, ए२ थोडी मेहनत करून. चार भाग, प्रत्येकी २५ मार्क, एकूण १०० पैकी ५० ला पास, पण एक मेख आहे, कुठल्याही एका भागात ५ च्या खाली गेलात तर बाकी कितीही असो, नापास. म्हणजे आपल्या पोरांची व्याकरणाची पुण्याई ऐकण्याच्या खड्ड्यात बुडू शकते. शाळकरी मुलांची वेगळी आवृत्ती असते, पातळी तीच, विषय त्यांच्या वयाचे. सेंटर पुण्या-मुंबईकडचं धरून चाला आणि तारखा त्यांच्या साइटवरून बघा, मी सांगितलेल्या तारखेवर तिकीट काढू नका. एकदा एका पालकांनी काढलं होतं, त्यांनी मला अजून माफ केलं नाही.

पण माझं ऐकाल तर या वर्षी देऊच नका. तिला आत्ता परीक्षेचीच जखम आहे, त्यावर अजून एक परीक्षा नको. रोज रात्री ते दहा मिनिटांचं चालू द्या, सहावीचं पुस्तक, मग सातवीचं. दोन पथ्यं पाळा: ऑडिओ थांबवून थांबवून लावू नका, पूर्ण वाक्य जाऊ द्या, कारण टपरीवरची बाई थांबत नाही. आणि लिहून झाल्यावर पुस्तकातलं वाक्य बघून जिथे जिथे दोन शब्द चिकटले तिथे पेन्सिलीनं खालून कंस काढायला लावा, झोपाळ्यासारखा. महिनाभरात तिला झोपाळा ऐकू यायला लागेल.

दुसरी एक गोष्ट जी पालकांना कोणी नीट सांगत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला तीन भाषा आहेत आणि त्यातल्या किमान दोन भारतीय पाहिजेत. इंग्रजी त्या दोनात मोजत नाहीत. म्हणजे इंग्रजी आणि फ्रेंच अशी जोडी घेऊन हिंदी-मराठी-संस्कृत टाळायचा जो आपल्या शाळांमधला जुना रस्ता आहे तो अरुंद होणार. धाकटं कोणी असेल घरात तर भाषा निवडायच्या आधी शाळेला लेखी विचारा. २०१४ ला केंद्रीय विद्यालयांमध्ये भर नोव्हेंबरात जर्मनच्या जागी संस्कृत आलं तेव्हा पालक कोर्टात गेले होते आणि त्या वर्षापुरती परीक्षाच घ्यायची नाही असं ठरलं होतं, आठवत असेल. मधल्या मधे पोरांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

@स्कोरिंग तुमच्या मुलाचं आता काय चाललंय? सहज विचारते.

स्कोरिंग_इज_स्कोरिंग

पुण्यात आयटीत आहे मॅडम. कंपनीनं आता जर्मन शिकायला बसवलंय, राज्य सरकारचा पण तो बाडेन-वुर्टेमबर्गशी करार झाला ना २०२४ मध्ये, तेव्हापासून सगळीकडे जर्मनचंच चाललंय. रोज रात्री फोन करून सांगतो की डोकं दुखते, ऐकायचं जमत नाही म्हणे.

हसू नका कोणी.

मिहान_ते_म्युनिक

कोणी हसत नाही काका. त्याला म्हणा अक्षरांची नावं आधी पाठ कर. वर्धा असो की पुणे.

गोकुळपेठी_बाप

ताई, ते झोपाळ्याचं आज केलं. एका संवादात नऊ झोपाळे निघाले. लेक म्हणे आता मला मोहर्लीचा रिप्ले पाहिजे, पुन्हा जाऊ तर त्या बाई परत येतील का. म्हटलं बाई सांगता येत नाही, पण गाईड तोच मिळेल. तिनं त्याच्यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलंय, मला सांगत नाहीये.